शेवटी जेवणारा सेनापती

घरात आपलं कोणी ऐकत नाही याबद्दल शाखाप्रमुखांची कधीच तक्रार नव्हती. लग्न झालेल्या माणसाने अशी तक्रार करायची तरी कुणाकडे? त्यांचं दुःख वेगळं होतं. एका बचत संस्थेच्या लहानशा शाखेचे ते प्रमुख, खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांच्या हुद्द्याची पितळी पाटी, आणि तरीही शाखेत त्यांचं कोणी ऐकत नसे. रोखपाल बाई पंखा स्वतःकडे वळवून घेत. कारकून मनात येईल तेव्हा खिडकी उघडे आणि मनात येईल तेव्हा लावून घेई. शिपाई तर ‘साहेब, जरा उठता का, फडकं मारायचंय’ असं म्हणून त्यांना रोज खुर्चीवरून उठवत असे. असेच एकदा ते बाजूला उभे असताना एका गिऱ्हाइकाने त्यांनाच विचारलं, ‘साहेब कुठे भेटतील?’ त्यावर त्यांनी सवयीने आतल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं होतं.

अशा या शाखेवर एक दिवस विभागीय साहेबांचा फोन आला. ठेवी घटत चालल्या आहेत. वर्षअखेरपर्यंत त्या वाढल्या नाहीत, तर ही शाखा बाजारपेठेतल्या मोठ्या शाखेत विलीन होईल. रोखपाल बाई एका टोकाला जातील, कारकून दुसऱ्या टोकाला आणि शिपाई त्याच्या घरी.

‘आणि मी?’ शाखाप्रमुखांनी विचारलं.

‘तुमचं बघू,’ विभागीय साहेब म्हणाले.

वरिष्ठांनी ‘बघू’ म्हटलं की हाताखालच्याने काय समजायचं ते शाळेत शिकवत नाहीत, पण सगळ्यांना आपोआप येतं. शाखाप्रमुखांनाही आलं. फोन ठेवता ठेवता साहेबांनी एक हुकूम सोडला, की सगळ्या शाखाप्रमुखांनी येत्या सुट्टीच्या दिवशी शिबिराला जायचं. शिबिराचं नाव होतं ‘सैनिकी नेतृत्वातून नीतिमान वित्तव्यवहार’.

शिबिराला बाकीचे शाखाप्रमुख आले ते चहासाठी आले आणि चहा झाल्यावर मागच्या दाराने गेले. आपले शाखाप्रमुख मात्र पहिल्या रांगेत बसून राहिले. व्यासपीठावर एक निवृत्त कर्नलसाहेब होते. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा, आणि माइक बंद पडला तरी काही बिघडू नये असा आवाज. ते म्हणाले, सेनापती आघाडीवर उभा राहतो. सेनापती आपल्या माणसांशी खोटं बोलत नाही. चूक कुणाचीही असो, जबाबदारी सेनापतीची. आणि सेनापती सगळ्यांची ताटं भरल्यावर, सगळ्यात शेवटी जेवतो. धंद्यात आणि पैशाच्या व्यवहारात हे चार नियम पाळा, मग यश आपोआप येईल आणि येताना झोपही घेऊन येईल!

शाखाप्रमुखांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण उगाच शाखा चालवत बसलो, खरं म्हणजे ती लढवायला हवी होती, असं त्यांना वाटलं. त्याच भरात त्यांनी कर्नलसाहेबांना गाठून त्यांची निवृत्तीची रक्कम आपल्या शाखेत ठेवायला लावली. आपण कुणाला काही करायला लावू शकतो, हा अनुभव त्यांना इतका नवा होता की घरी जाताना ते वाट चुकले.

दुसऱ्या दिवशी शाखेत सकाळची हजेरी सुरू झाली. काउंटरसमोर एका ओळीत उभं राहायचं. रोखपाल बाई म्हणाल्या, ‘माझा गुडघा धरतो साहेब, मी बसूनच उभी राहते.’ कारकून उभा राहिला, पण खिडकीला टेकून. शिपाई तेवढा ताठ उभा होता, कारण त्याच्या हातात चहाची किटली होती.

‘आजपासून ही एक तुकडी आहे,’ शाखाप्रमुख म्हणाले. ‘आपण एका लढाईत उतरलो आहोत.’

‘पण शत्रू कोण?’ कारकुनाने विचारलं. प्रश्न वाजवी होता.

‘गिऱ्हाईक,’ रोखपाल बाई लगेच म्हणाल्या. ‘फाटक्या नोटा तेच आणतात.’

‘छे! गिऱ्हाईक म्हणजे आपण ज्याचं रक्षण करायचं ती जनता.’

‘मग शत्रू मुख्य कार्यालय असणार,’ शिपाई किटलीआडून पुटपुटला. शाखाप्रमुखांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्याला खोडूनही काढलं नाही.

जबाबदारीच्या नियमाने पहिला दणका दिला. कारकुनाने एका शिक्षिकेच्या पुस्तकात दुसऱ्याच कुणाच्या ठेवीची नोंद केली, तेव्हा शाखाप्रमुख पुढे होऊन बाणेदारपणे म्हणाले, ‘चूक कुणाचीही असो, जबाबदारी माझी.’ कारकून सद्‌गदित झाला आणि त्या आठवड्यात त्याने आणखी बऱ्याच चुका केल्या. बातमी घरापर्यंत गेली. इमारतीची लिफ्ट अडकली तेव्हा खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येऊन म्हणाले, ‘तुम्ही सगळ्याची जबाबदारी घेता म्हणे, मग हिचीही घ्या.’ पाण्याची टाकी वाहिली, जिन्यातला दिवा गेला, वरच्यांच्या मुलीला गणितात कमी मार्क पडले, सगळ्यांनी शाखाप्रमुखांचंच दार वाजवलं. बायको दार उघडून आत हाक मारी, ‘अहो, तुमची आणखी एक चूक आलीय.’

पण खरा घात केला तो शेवटच्या नियमाने. शाखाप्रमुखांनी जाहीर केलं, की यापुढे सगळ्यांचे डबे खाऊन झाल्याशिवाय मी माझा उघडणार नाही. तुकडीने हे आनंदाने मान्य केलं. घास बत्तीस वेळा चावायचा, असं रोखपाल बाईंना डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि डॉक्टरांचं ऐकणाऱ्या थोड्या व्यक्ती जगात असतात, त्यांपैकी बाई एक होत्या. त्यांचं झाल्यावर कारकून बसे आणि जेवताना वर्तमानपत्र वाचे, तेही शब्दकोड्यासकट. शिपाई घरी जाऊन जेवे आणि घरी गेला की थोडं आडवं होणं आलंच. तोवर शाखाप्रमुख काउंटरवर उभे राहून हसतमुखाने जनतेचं रक्षण करत. डबा टेबलाखाली असे आणि त्याचा वास वर येई.

पुढे एके दिवशी रोखपाल बाईंच्या डब्यात त्यांच्या बहिणीने दुप्पट भरून दिलं, कारकुनाचं कोडं सुटेना, आणि शिपायाला डुलकीऐवजी झोप लागली. दुपार कलली. शाखाप्रमुख एका आजोबांना व्याजाचा हिशेब समजावत होते. ‘म्हणजे मुद्दल जागच्या जागी राहतं,’ असं म्हणून ते स्वतः जागच्या जागी मट्‌कन खाली बसले आणि मग आडवे झाले.

रोखपाल बाई घाबरल्या. साहेबांना या अवस्थेत लोकांनी बघू नये, म्हणून त्यांनी धावत जाऊन शटर अर्धं खाली ओढलं. हेतू चांगला होता. पण भर कामाच्या वेळी बचत संस्थेचं शटर अर्धं खाली, आणि वाकून पाहिलं तर फरशीवर शाखाप्रमुखांचे बूट, हे दृश्य समोरच्या शिंप्याने पाहिलं. त्याने शेजारच्या औषधवाल्याला सांगितलं की साहेबांना धक्का बसलाय. औषधवाला ग्लुकोजचा पुडा देऊन परत आला आणि त्याने चौकातल्या दुकानदाराला सांगितलं, की कसल्याशा आकड्यांवरून बसलाय. आकडे म्हणजे नक्कीच घोटाळा, असं दुकानदाराला वाटलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत पक्कं झालं होतं, की पैसा गेलाय आणि शाखाप्रमुख पळून जात असताना शटरला डोकं आपटून पडले.

घरी बायकोने त्यांना बसवून, समोर उभं राहून जेवायला घातलं. मग आपल्या आईला फोन लावला आणि म्हणाली, ‘अगं, उपाशी राहून पडलेत. नियम आहे म्हणे.’ पलीकडून सासूबाई काय म्हणाल्या ते शाखाप्रमुखांना ऐकू आलं नाही, पण त्यांनी अंदाज केला आणि मान खाली घातली. सासूबाईंच्या तोंडी कायम थोरल्या जावयांचं नाव. थोरले जावई मोठ्या बँकेत मोठे अधिकारी. त्यांच्या बँकेत संगमरवर, थंडगार हवा, बसायला सोफा. ‘आमच्या धाकट्यांचंही ऑफिस आहे,’ असं सासूबाई पाहुण्यांना सांगत आणि विषय बदलत.

सकाळी शाखाप्रमुख शाखेवर पोचले तेव्हा रांग औषधवाल्याच्या दुकानापुढून वळून गेली होती. क्षणभर त्यांना वाटलं, ठेवी आल्या! नेतृत्व फळलं! मग जवळ जाऊन त्यांनी चेहरे पाहिले. ठेव ठेवायला येणारा माणूस दाढी करून येतो. यांच्यापैकी कुणी केली नव्हती.

रांगेत अगदी पुढे कर्नलसाहेब होते.

‘सर, तुम्हीसुद्धा?’

कर्नलसाहेब जरा खाकरले. ‘माघारसुद्धा शिस्तीत घ्यायची असते,’ ते म्हणाले, आणि मागे वळून गरजले, ‘एकामागे एक! ढकलाढकल नको!’ त्यांनी स्वतःचे पैसे काढून घेतले आणि मग कुणी न सांगता दारात उभं राहून रांग लावायचं काम हाती घेतलं. माणूस वाईट नव्हता. सवय सुटत नाही एवढंच.

शाखाप्रमुख टेबलाशी येतात न येतात तोच विभागीय साहेबांचा फोन खणखणला.

‘शटर ओढा,’ साहेब म्हणाले. ‘यंत्रणा बंद आहे म्हणून सांगा.’

‘पण साहेब, यंत्रणा चालू आहे.’

‘मग असं करा. आपली नवी पाच वर्षांची योजना आहे ना, तिच्यात सगळ्यांना वळवा. सांगा, तिथे पैसे जास्त सुरक्षित आहेत. एकदा सही झाली की पाच वर्षं कुणाला हलता येणार नाही. उलट तुमच्या ठेवी वाढतील आणि शाखा वाचेल. संधी आहे, समजलात का?’

शाखाप्रमुखांना समजलं. चांगलंच समजलं. काचेपलीकडे, रांग सोडून बाजूला, काल ज्यांना मुद्दल समजावलं ते आजोबा उभे होते, पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरून. काचेअलीकडे त्यांची तुकडी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. साहेबांचं ऐकलं तर शाखा वाचत होती आणि शिपायाची नोकरीही. आपण शूर नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘आपल्या माणसांशी खोटं बोलायचं नाही, असं तुमच्याच शिबिरात सांगितलं.’

‘अहो, ते शिबिरापुरतं होतं!’

‘मला नाही जमायचं,’ असं म्हणून शाखाप्रमुखांनी फोन ठेवला. मग ते शटरपाशी गेले आणि शटर होतं त्याहून वर ढकललं.

‘ज्यांना हवेत त्यांना पैसे मिळतील,’ ते लोकांना म्हणाले. ‘संस्था बुडालेली नाही. मी काल पडलो तो भुकेने पडलो.’

माणसाने खरं बोलावं, पण ते पटण्यासारखं असावं. रांगेत हशा पिकला. ‘शाखाप्रमुख भुकेने पडतो?’ शिंपी म्हणाला. ‘पगार काय टपालाने येतो?’ रोखपाल बाईंना ते सहन झालं नाही. जाळीतून तोंड काढून त्या ओरडल्या, ‘खरं आहे हो! माझंच चावून होत नव्हतं!’ हे कुणालाच कळलं नाही आणि लोकांचा संशय मात्र वाढला. पण त्यानंतर बाई ज्या वेगाने नोटा मोजू लागल्या, तो वेग शाखेत आजवर कुणी पाहिला नव्हता. मध्येच हात लांबवून त्यांनी पंखा साहेबांकडे वळवला. कारकून न चुकता नोंदी करत होता. शाखाप्रमुखांना भडभडून आलं, पण ती वेळ नव्हती.

उन्हं डोक्यावर येऊ लागली तेव्हा रांगेच्या बाजूने वाट काढत, काखेत जाड कापडी पिशवी घट्ट धरून सासूबाई आल्या.

‘सरका जरा, आत जावई आहेत माझे,’ त्या म्हणाल्या, आणि रांगेत वणवा पेटला. बघा, घरच्यांना आधी! आधी सासूचे निघणार, मग आपल्याला ठेंगा! शाखाप्रमुखांनी पिशवीकडे पाहिलं. म्हणजे यांचाही विश्वास नाही तर! यांनीच सगळ्यांसमोर पैसे काढले, तर मग संपलंच.

‘जावईबापू, जरा ऐका, मी...’

‘आई, काही बोलू नका,’ शाखाप्रमुख हात जोडून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ‘माझ्या घरचं माणूस सगळ्यात शेवटी. नियम म्हणजे नियम.’

‘अहो, पण ऐकून तर घ्या, मी काय...’

‘शेवटी म्हणजे शेवटी!’

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सासूबाईंना मध्ये तोडलं होतं, तेही दोनदा. सासूबाईंनी ओठ मिटले. ‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘आता नाहीच बोलत मी.’ आणि भिंतीकडेच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. कर्नलसाहेबांनी नियमाचं काटेकोर पालन केलं. नवा माणूस आला की त्याला ते सासूबाईंच्या पुढे घालत. त्यामुळे सासूबाई दिवसभर शेवटच्याच राहिल्या. शिपायाने त्यांना पाणी दिलं तेही त्यांनी घेतलं नाही.

दुपार उतरली तेव्हा रोखपाल बाईंनी गल्ला पुढे ओढला आणि तो रिकामा शाखाप्रमुखांना दाखवला. रांगेत अजून माणसं होती, शिंपी होता. मोठ्या शाखेला विचारून झालं होतं, रोकड उद्या सकाळीच येणार होती. उद्या सकाळी आणखी किती लोक येतील, याचा विचार करायची शाखाप्रमुखांना हिंमत झाली नाही. ते काउंटरपुढे, लोकांच्या अगदी हाताशी येऊन उभे राहिले.

‘रोकड संपली,’ ते म्हणाले. ‘उद्या सकाळी येईल. यंत्रणा वगैरे काही बंद नाही. आजची रोकड संपली, हेच खरं कारण आहे.’

‘संपणारच!’ शिंपी ओरडला. ‘मी म्हणत नव्हतो?’ कुणीतरी काउंटरवर मूठ आपटली, पेनांचा डबा लवंडला. कर्नलसाहेबांचा आवाजही त्या गलक्यात बुडाला. ते आजोबा पैसे न मिळताच बाहेर वळले होते, आणि त्यांची वाकलेली पाठ पाहून शाखाप्रमुखांना आपण उभ्या जन्मात काही धड केलं नाही असं वाटलं.

‘झालं का तुमचं सगळ्यांचं?’ बाकावरून आवाज आला. सासूबाई उठल्या होत्या. ‘आता तरी माझा नंबर येईल का?’

‘आई, रोकड नाहीये,’ शाखाप्रमुख मेल्या आवाजात म्हणाले. ‘तुम्हाला द्यायला आता काहीच...’

‘द्यायला कोण मागतंय? मी भरायला आलेय! सकाळी ते सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही ते मिटवलंत!’

आणि त्यांनी पिशवी काउंटरवर उपडी केली. पुडकी घरंगळत रोखपाल बाईंच्या जाळीपर्यंत गेली. गलका एकदम थांबला. सगळ्यात आधी सावरला तो शिंपी.

‘सासू जावयाकडे पैसे ठेवतेय?’ तो हळूच म्हणाला. ‘स्वतःचे?’

हा मुद्दा बिनतोड होता. कोणत्याही सरकारने दिलेली हमी यापुढे फिकी पडली असती. रांगेतल्या प्रत्येकाला सासू होती किंवा जावई होता, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. शिंप्याने पुस्तक खिशात घातलं. दारातले आजोबा परत वळले आणि तोंडभर हसले. कर्नलसाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, ‘माघारीनंतर पुन्हा चढाई करायची असते,’ आणि सकाळी काढलेलं पाकीट घेऊन सासूबाईंच्या मागे उभे राहिले. त्यांच्या मागे औषधवाला आला. रांग तीच राहिली, फक्त तोंड फिरलं. जाळीआडून रोखपाल बाई डोळे पुसत आहेत हे कारकुनाला दिसलं आणि तो खिडकीकडे बघू लागला.

शाखाप्रमुख सासूबाईंजवळ आले. ‘आई, सगळे पैसे काढतायत आणि तुम्ही... तुम्हाला भीती नाही वाटली?’

‘कसली भीती? स्वतःचा डबा उघडायला ज्या माणसाला शाखाभराची परवानगी लागते, तो लोकांच्या पैशाला हात लावणार आहे होय?’

सासूबाईंनी केलेलं हे पहिलंच कौतुक. त्यात अपमानही होता, पण शाखाप्रमुखांना तो अजिबात बोचला नाही. ते पुडकी उचलायला वाकले आणि मध्येच थांबले. मागे रांग आहे, सगळ्यांचे कान टवकारलेले आहेत, हे त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी घसा साफ केला.

‘आई, पैसे घेण्याआधी एक सांगायला हवं. आमच्याकडे व्याज जरा कमीच आहे. थोरल्यांच्या बँकेत तुम्हाला जास्त मिळेल.’

कारकुनाने कपाळावर हात मारून घेतला.

‘ठाऊक आहे मला,’ सासूबाई म्हणाल्या. ‘सकाळी तिथूनच तर काढून आणलेत. घ्या आता मोजून.’